तीन गोण्यांचा हिशोब: ट्रकला स्टीलची डिस्क घ्यायची की ॲल्युमिनियमची?



ट्रक घेऊन स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्यांच्या तोंडी सध्या एक प्रश्न फार ऐकू येतो. "सर, डिस्क स्टीलच्या ठेवू की ॲल्युमिनियमच्या टाकू?" आपल्याकडे कुणी डिस्क म्हणतं, कुणी रिम म्हणतं. टायर ज्यावर बसतो ते चाक, एवढं लक्षात ठेवा. चमकणारी डिस्क दिसायला झकास असते, त्यात वाद नाही. वर सांगणारेही बरेच भेटतात: वजन कमी, डिझेल वाचतं, टायर टिकतो, गंज नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली गाडी असेल, ती कर्जावर असेल आणि पक्कं काम अजून हातात नसेल, तर स्टीलच घ्या. ॲल्युमिनियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही धंद्यात ते पैसे कमावून देतं. पण कुठल्या धंद्यात, हे डिस्क बघून कळत नाही. ते तुमचं भाडं कशावर ठरतं त्यावरून कळतं. आजच्या लेखात तोच हिशोब करूया. कागद-पेन घेऊन बसा.

आधी वजनाचं बघू

आपण दहा चाकी गाडी धरू. पुढे दोन, मागे आठ आणि एक स्टेपनी, म्हणजे ११ डिस्क. ट्यूबलेस टायरची २२.५ इंची स्टीलची डिस्क साधारण ४० किलोच्या आसपास भरते. फोर्ज्ड ॲल्युमिनियमची, म्हणजे प्रचंड दाबाखाली ठोकून घडवलेली डिस्क, २३-२४ किलोच्या आसपास. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून आपण फरक १६ किलो धरू.

११ डिस्क गुणिले १६ किलो, म्हणजे १७६ किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या आणि वर थोडं.

हा सगळा विषय या तीन गोण्यांचा आहे. ॲल्युमिनियमची डिस्क तुम्हाला गाडीत तीन गोण्यांची जागा करून देते. आता प्रश्न एवढाच की त्या तीन गोण्या तुम्हाला कुणी देणार आहे का? आणि त्यांचं भाडं कुणी देणार आहे का?

तुमची गाडी वजनाने भरते की जागेने?

ट्रान्सपोर्टमध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाने गाडी बुक करायच्या आधी स्वतःला हा प्रश्न विचारायला हवा.

सिमेंट, सळई, साखर, कोळसा, खडी हे जड माल आहेत. गाडी अर्धी रिकामी दिसते, पण काट्यावर वजन पूर्ण झालेलं असतं. दहा चाकी गाडीचं पासिंग २०१८ पर्यंत २५ टन होतं, केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ते २८.५ टन केलं. गाडी आणि माल मिळून एवढंच. अशा धंद्यात गाडीचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त.

आता दुसरी बाजू. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फर्निचर, वेफर्सचे बॉक्स, थर्माकोल, कुरिअरची पार्सलं. इथे गाडी ताडपत्रीपर्यंत भरते, पण काट्यावर वजन निम्म्यावरच असतं. या गाडीतून १७६ किलो कमी करा नाहीतर ५०० किलो करा, एक बॉक्स जास्त बसत नाही. इथे ॲल्युमिनियमच्या डिस्कने मालाचा एक रुपयाही वाढत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो, तो म्हणजे फिक्स ट्रिपचं भाडं. "पुणे ते नागपूर, एवढे हजार, माल काय असेल तो." इथेही तीन गोण्या जास्त नेल्या तर तुम्हाला वेगळं काही मिळत नाही. उलट टायर आणि डिझेल तुमचं आणि फायदा पार्टीचा.

म्हणजे ॲल्युमिनियमचा खरा फायदा फक्त पहिल्या प्रकारात आहे, आणि तोही भाडं टनावर ठरत असेल तरच.

एका चाकाचा हिशोब पुरे

बीबीएला याला पेबॅक पिरियड म्हणायचे. घातलेला पैसा किती दिवसांत परत येतो, एवढंच. गाडी दहा चाकी असो की बावीस चाकी, हिशोब एकाच चाकाचा करा, कारण चाकं वाढली की फायदाही वाढतो आणि खर्चही तेवढाच वाढतो.

खालचे रुपयांचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावातलं कोटेशन घेऊन तिथे तुमचे आकडे टाका.

समजा ॲल्युमिनियमची डिस्क स्टीलपेक्षा १८,००० रुपयांनी महाग पडते. वजन वाचलं १६ किलो. भाडं टनाला १,००० रुपये, म्हणजे किलोला १ रुपया. मग एका फेरीत एका चाकाने कमावले १६ रुपये.

१८,००० भागिले १६, उत्तर १,१२५ फेऱ्या.

महिन्याला १० भरलेल्या फेऱ्या होत असतील तर ११२ महिने, म्हणजे नऊ वर्षांच्या वर. २० फेऱ्या होत असतील तर पावणेपाच वर्षं. भाडं टनाला २,००० असेल आणि फेऱ्याही २० होत असतील, तर २८-२९ महिने. बघा, डिस्क तीच आहे, किंमत तीच आहे. एकाला सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे परत मिळतात आणि दुसऱ्याला गाडी म्हातारी होईपर्यंत मिळत नाहीत.

आणि इथे प्रत्येक फेरीला गाडी पासिंगपर्यंत पूर्ण भरते असं आपण धरलंय. परतीची फेरी रिकामी आली किंवा हलक्या मालाची मिळाली, तर ती मोजायची नाही.

व्याज मोजायला विसरू नका

११ डिस्कचा जास्तीचा खर्च झाला १,९८,००० रुपये. हे पैसे कुठून येणार? बहुतेक जण म्हणतात, "लोनमध्येच घालून टाकू, हप्ता थोडासाच वाढेल."

११ टक्के दराने १,९८,००० वर वर्षाचं व्याज होतं २१,७८० रुपये. मुद्दल फिटत जाईल तसं ते कमी होतं, मान्य. पण वरच्या उदाहरणात महिन्याला १० फेऱ्या करणाऱ्याची वर्षाची कमाई किती होती? १६ रुपये गुणिले ११ चाकं गुणिले १२० फेऱ्या, म्हणजे २१,१२० रुपये. जवळजवळ सगळी कमाई सुरुवातीला फायनान्स कंपनीच्या खिशात. मुद्दल फेडायचं ते वेगळंच. तुम्ही तीन गोण्या जास्त वाहताय, पण स्वतःसाठी नाही.

तेच किलो दोनदा विकले जातात

मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे विकणाऱ्याची भाषा मला कळते. या विषयात एक गंमत नेहमी होते. विकणारा सांगतो, "सर, १७६ किलो माल जास्त बसेल, आणि वर डिझेल वाचेल." ऐकायला दोन फायदे वाटतात. पण विचार करा, वाचलेल्या १७६ किलोच्या जागी तुम्ही माल भरलात तर गाडीचं एकूण वजन पुन्हा तेवढंच झालं. मग वजन कमी झाल्यामुळे डिझेल वाचेल कसं? एक तर माल वाढवा, नाहीतर वजन कमी ठेवून डिझेल वाचवा. एकाच फेरीत दोन्ही मिळत नाही.

बरं, फक्त डिझेलचा हिशोब करू. २८,५०० किलोमध्ये १७६ किलो म्हणजे ०.६ टक्क्यांच्या आसपास. डिझेल सगळं वजनावर जळत नाही, हवेचा अडथळा असतो, सिग्नलला गाडी उभी राहून जळतं, त्यामुळे बचत त्याहून कमीच होणार. तरी उदार होऊन अर्धा टक्का धरा. महिन्याला दीड लाखाचं डिझेल जळत असेल तर ७५० रुपये वाचले. वर्षाला ९,०००. १,९८,००० वसूल व्हायला २२ वर्षं.

ड्रायव्हरने टायरची हवा वेळेवर तपासली आणि गाडी विनाकारण चालू ठेवून चहाला गेला नाही, तर याच्यापेक्षा जास्त डिझेल वाचेल, आणि त्याला खर्च काही नाही.

ट्यूबलेसचा फायदा ॲल्युमिनियमच्या नावावर खपवू देऊ नका

"ॲल्युमिनियम टाकलं की पंक्चरची कटकट कमी, टायर थंड राहतो." यातला मोठा भाग ट्यूबलेस टायरचा फायदा आहे. आणि ट्यूबलेसची अखंड डिस्क स्टीलमध्येही मिळते. लॉक रिंगवाल्या जुन्या पद्धतीच्या डिस्कमधून बाहेर पडायचं असेल तर ट्यूबलेस स्टील हा मधला रस्ता आहे. खर्च कमी आणि फायदा बराचसा तोच.

इथे एक मोठा छुपा खर्चही आहे. तुमची गाडी ट्यूबवाल्या २० इंची टायरवर असेल, तर ते टायर २२.५ इंची ट्यूबलेस डिस्कवर बसत नाहीत. म्हणजे डिस्कबरोबर सगळे टायरही नवे. कोटेशनमध्ये फक्त डिस्कची किंमत असते, टायरची आठवण दुकानात गेल्यावर होते.

ॲल्युमिनियमच्या बाजूचं जे खरं आहे ते

एकतर्फी बोलायचं नाही म्हणून हेही सांगतो.

- ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. रत्नागिरी, मालवण पट्ट्यात मासळी वाहणाऱ्या गाडीची स्टीलची डिस्क खाऱ्या पाण्याने लवकर खराब होते, तिथे हा मुद्दा वजनदार आहे. पण खारं पाणी ॲल्युमिनियमलाही डाग पाडतं, खड्डे पाडतं. धुवावं दोन्हीला लागतं.
- ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं. घाटात उतरताना ब्रेकजवळची उष्णता निघायला मदत होते. मात्र घाट उतरायचा तो खालच्या गियरमध्येच. डिस्कच्या भरवशावर न्यूट्रल मारून उतरायचं नाही.
- भंगारात ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा किलोमागे कितीतरी जास्त भाव येतो. हिशोबात ही रक्कम शेवटी वजा धरा, ते योग्यच आहे. पण त्याच कारणाने चोराचीही नजर त्यावर आधी जाते. गाडी रात्री उघड्यावर उभी राहत असेल तर हे लक्षात घ्या.

आणि नुकसानीचं म्हणाल तर खड्ड्यात आपटून स्टील बहुधा वाकतं. ॲल्युमिनियमला जोराचा मार बसला तर तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली डिस्क वेल्डिंग करून वापरायची नाही. स्टीलच्या बाबतीतही वाकलेली डिस्क तापवून, घण मारून सरळ करणारे रस्त्यावर भेटतात. तेही करू नका. पण स्टीलचं एक आहे, आडगावातही दुसरी डिस्क त्याच दिवशी मिळण्याची शक्यता जास्त. गाडी दोन दिवस उभी राहिली तर तुमचा हप्ता उभा राहत नाही, तो चालूच असतो.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका

ट्रकच्या ॲल्युमिनियम चाकाचा जन्मच अमेरिकेत झाला. अल्कोआ कंपनीने १९४८ मध्ये फोर्ज्ड ॲल्युमिनियमचं चाक आणलं. तिथे ट्रेलरची एकूण वजनमर्यादा बहुतेक ठिकाणी ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६.३ टन आहे. लांब सरळ महामार्ग, वर्षाला प्रचंड मैल, आणि ट्रक मालकच स्वतः चालवणारा असेल तर त्याची हौसही असते. त्यांचा हिशोब त्यांच्या रस्त्यांवर बरोबर असेल. आपला रस्ता, आपलं भाडं आणि आपलं व्याज वेगळं आहे. व्हिडिओतून माहिती घ्या, निर्णय घेऊ नका.

"आम्ही तर ओव्हरलोडच चालवतो"

असंही काही जण हसत सांगतात. मग तर ॲल्युमिनियमचा प्रश्नच मिटला. जो पासिंगच्या वर दोन टन भरतो त्याला १७६ किलोचं काय कौतुक? हलक्या डिस्कचा फायदा त्यालाच, जो काट्यावर नियमात बसून भरतो. आणि ओव्हरलोडचा दंड सप्टेंबर २०१९ पासून २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. एकदा सापडलात तर वरच्या उदाहरणातल्या एका वर्षाची तीन गोण्यांची कमाई गेली. नवीन माणसाने धंद्याचा पायाच असा घालू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग ॲल्युमिनियम कुणी घ्यावं?

माझ्या मते या पाचही गोष्टी जुळल्या तरच:

१. भाडं टनावर ठरतं आणि माल काट्यावर मोजून भरला जातो. सिमेंटचा किंवा राखेचा बल्कर याचं चांगलं उदाहरण. ज्या पार्टीची ऑर्डर ठरलेल्या टनांची असते, ती तुम्हाला तीन गोण्या जास्त देणार नाही.

२. गाडी जवळजवळ प्रत्येक फेरीला पासिंगपर्यंत भरते.

३. निदान तीन वर्षांचं काम लेखी हातात आहे. तोंडी शब्दावर दोन लाख घालू नका.

४. वसुली त्या कामाच्या मुदतीच्या आत होते.

५. पैसा स्वतःचा आहे, कर्जाचा नाही.

टँकरवाल्यांना एक वेगळी सूचना. टाकी ठरावीक लिटरची असते. ती काठोकाठ भरूनही गाडी पासिंगच्या आत बसत असेल, तर नंतर डिस्क हलक्या करून एक लिटरही जास्त मावणार नाही. हलक्या डिस्कचा फायदा घ्यायचा असेल तर टाकी बांधायच्या आधी, गाडी बुक करतानाच ठरवावं लागतं.

आणि छोटा हत्ती किंवा पिकअप घेणाऱ्यांना हात जोडून विनंती. कारची शोभेची मॅग व्हील मालवाहू गाडीला टाकू नका. डिस्कवर तिचं माप आणि ती किती वजन पेलते ते कोरलेलं असतं, बनवणाऱ्याचं नाव आणि बीआयएसची खूणही बघा. हे नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

घेणार असाल तर एवढं सांभाळा

ॲल्युमिनियमच्या डिस्कची बैठक जाड असते, त्यामुळे जुने स्टड आणि नट चालतीलच असं नाही. गाडीच्या कंपनीने सांगितलेलेच घ्या आणि त्यांचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या. स्टेपनीही त्याच जातीची ठेवा, नाहीतर रात्री बारा वाजता महामार्गावर जुळणारे नट शोधत बसाल.

डिस्क कुठलीही असो, चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरने गाडी थांबवून नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. स्टीलची डिस्क रंगवताना हबला टेकणाऱ्या भागावर रंगाचे थरावर थर चढवू नका. तो रंग दबतो आणि नट ढिले पडतात. चाक निघून दुसऱ्याच्या अंगावर गेलं तर तो हिशोब कुठल्याच कागदावर मांडता येत नाही.

ते दोन लाख कुठे घालाल?

३० लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११ टक्के. हप्ता येतो साधारण ६५,२०० रुपये. म्हणजे १,९८,००० रुपये हे तुमचे तीन हप्ते आहेत.

पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, खडी-वाळूचं काम बसतं, भाडं पडतं. नवीन ट्रकमालक बुडतो तो बहुतेक अशाच दोन-तीन महिन्यांत. गाडी चांगली असते, माणूस कष्टाळू असतो, फक्त हातात पैसा नसतो. दोन हप्ते चुकले की फोन सुरू होतात, आणि पुढे फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. ओढून नेताना डिस्क चमकते की नाही हे कुणी बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या गाडीला ट्यूबलेस स्टील घ्या आणि ते तीन हप्ते बँकेत वेगळे ठेवा. त्यातल्याच थोड्या पैशात हवा मोजायचा चांगला गेज आणि टॉर्क पाना घ्या, वेळच्या वेळी अलाइनमेंट करा. दोन वर्षं धंदा चालवा. प्रत्येक फेरीची काट्याची पावती जपून ठेवा. दोन वर्षांनी त्या पावत्याच सांगतील की तुमची गाडी वजनाने भरते की जागेने. तेव्हा टायर बदलायची वेळ आली असेल, तर ॲल्युमिनियमचा विचार जरूर करा.

आजचा गृहपाठ: तुमच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाकडे जा, त्याच्या मागच्या दहा फेऱ्यांच्या काट्याच्या पावत्या बघायला मागा, आणि त्यातल्या किती फेऱ्या पासिंगपर्यंत भरल्या ते मोजा. तो आकडा वरच्या हिशोबात टाका. गाडी बुक करायच्या आधी हे एक काम केलंत तरी पुरे.

भेटूया पुढच्या भागात. हिशोब करा, मग धंदा करा!